पाते लवते तेव्हा : डोळ्यांच्या रक्षणामागील मेंदूची व्यवस्था

वार्षिक अहवालाची बहुतेक पाने जमाखर्च, खाटांची संख्या, शस्त्रक्रियांची आकडेवारी आणि देणगीदारांची नामावली यांनी व्यापलेली असतात, आणि ते योग्यच आहे. तथापि ज्यांच्या औदार्यावर रुग्णसेवा उभी आहे त्यांना, तसेच ज्यांचे आप्त येथे उपचार घेतात त्यांनाही, शरीरातील एखाद्या व्यवस्थेची नीट ओळख व्हावी, या हेतूने काही पाने अभ्यासलेखासाठी राखून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. यंदाचा विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. पापणी मिटणे, एवढाच तो आहे.

या निवडीला कारण झाला तो अतिदक्षता विभागाबाहेर आम्हांस वरचेवर विचारला जाणारा एक प्रश्न. बेशुद्ध रुग्णाजवळून बाहेर आलेली पत्नी, मुलगा किंवा बहीण मोठ्या आशेने विचारते, "डॉक्टर, त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. म्हणजे त्यांना कळते आहे ना?" या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देणे बहुधा शक्य नसते. त्यात उत्तर टाळण्याचा हेतू नसतो. अडचण शरीराच्या रचनेतच आहे. पापणी मिटणे ही एकच क्रिया दिसत असली तरी तिच्यामागे मेंदूच्या निरनिराळ्या मजल्यांवरचे निरनिराळे कारभारी असतात. कापसाच्या स्पर्शाने मिटणारी पापणी, प्रखर उजेडाने मिटणारी पापणी, उगारलेल्या हातामुळे मिटणारी आणि "डोळे मिटा" असे सांगितल्यावर मिटणारी पापणी बाहेरून सारखीच दिसते. आत मात्र प्रत्येकीची वाट वेगळी असते. पापणी कशामुळे मिटली हे पारखून घेतले, म्हणजे मेंदूचा कोणता मजला जागा आहे याचा अंदाज बांधता येतो.

आपल्या भाषेने या क्रियेला फार पूर्वी कालमापनाचे काम दिले. 'निमिष' म्हणजे पापणी मिटण्यास लागणारा वेळ, आणि 'पाते लवते न लवते तोच' हा प्रयोग तर आजही सर्वांच्या तोंडी आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नलाचेच रूप घेऊन बसतात. पाच सारख्या पुरुषांतून खरा नल तिने ओळखला तो काही खुणांवरून. देवांना घाम येत नाही, त्यांचे पाय भूमीला टेकत नाहीत, आणि त्यांची पापणी लवत नाही. मर्त्य माणसाची खूण म्हणून कथाकाराने पापणीची निवड केली, ही गोष्ट वैद्यकाच्या दृष्टीनेही मोठी मार्मिक आहे.

निरोगी प्रौढ माणूस जागेपणी मिनिटाला साधारणतः पंधरा ते वीस वेळा पापण्या मिटतो. मिनिटाला पंधरा वेळा आणि जागेपणाचे सोळा तास धरले, तरी दिवसाला चौदा हजार चारशे वेळा ही उघडझाप होते. एका उघडझापेला सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा लागतो, असे धरल्यास जागेपणातील तासाभराहून अधिक काळ या हालचालीतच जातो. तरीही जगावर पडदा पडल्याचे आपल्या ध्यानात येत नाही. असे का व्हावे? फ्रान्सिस व्होल्कमन, लॉरिन रिग्ज आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० साली एक चमत्कारिक वाटणारा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी प्रकाश डोळ्यांवर न टाकता तोंडात घातलेल्या प्रकाशनलिकेतून टाळूमार्गे दृष्टिपटलापर्यंत पोहोचविला. पापणी मिटल्याने या प्रकाशात काहीच फरक पडणार नव्हता. तरीसुद्धा पापणी मिटण्याच्या क्षणी त्यातील बदल ओळखण्याची क्षमता मंदावलेली आढळली. म्हणजे पापणीला आज्ञा देतानाच मेंदू दृष्टीच्या कामालाही क्षणभर विसावा देतो, आणि म्हणून मधला अंधार जाणवत नाही.

वाचताना किंवा संगणकाच्या पडद्याकडे एकटक पाहताना ही उघडझाप मंदावते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरू लागतात. कंपवाताच्या रुग्णांतही ती बरीच कमी होते. नवजात बाळ मिनिटाला दोन-तीन वेळाच पापण्या मिटते. परंतु आपोआप चालणारी ही उघडझाप आमचा मुख्य विषय नव्हे. आमचा विषय आहे तो संकट आले असता मिटणारी पापणी.

कापसाची वात

डोळ्याच्या पुढील बाजूस काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर तो पारदर्शक राहिला नसता. मज्जातंतूंची टोके मात्र त्यात इतकी दाट विखुरलेली आहेत की संवेदनक्षमतेत शरीराचा क्वचितच एखादा भाग त्याची बरोबरी करू शकेल. झोडपणीच्या वेळी उडालेले कुसळ बोटाला टोचले तर आपण ते झटकून कामाला लागतो. तेच डोळ्यात गेले तर माणूस जागच्या जागी बसतो.

पारपटलाला स्पर्श होताच निघणारा संदेश पाचव्या क्रमांकाच्या मस्तिष्क मज्जातंतूतून जातो. याचे नाव ट्रायजेमिनल. तो मस्तिष्कस्तंभात शिरतो. मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा, अंगठ्याएवढ्या जाडीचा हा भाग. श्वास, गिळणे, खोकला आणि जागेपण यांची सूत्रे येथूनच हलतात. तेथे संदेशाला दोन फाटे फुटतात, आणि उजव्या व डाव्या अशा दोन्ही बाजूंच्या सातव्या मज्जातंतूच्या केंद्रांना तो मिळतो. सातवा मज्जातंतू, म्हणजे फेशियल नर्व्ह, पापणीभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूला आकुंचनाची आज्ञा देतो. त्याच्या किंचित आधी आणखी एक गोष्ट घडावी लागते. वरची पापणी दिवसभर उचलून धरणारा स्नायू तिसऱ्या मज्जातंतूवर चालतो. त्याचे काम थांबल्याशिवाय पापणी खाली येणार नाही. दाराची कडी काढल्यावर मग दार लोटावे, तसा हा क्रम आहे. डोळा जोराने मिटला तर बुबुळ वरही वळते, त्यामुळे पापणी थोडी अपुरी पडली तरी पारपटल तिच्या आडोशाला जाते. स्कॉटलंडचे चार्ल्स बेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या विसाव्या दशकात याचे वर्णन केल्यामुळे ही हालचाल त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हे सर्व घडण्यास मोठ्या मेंदूची परवानगी लागत नाही. कोठे काही टोचले याची जाणीव होते तोवर पापणी मिटून गेलेली असते.

या मार्गाचे मोजमाप विजेच्या साहाय्याने करता येते. भुवईजवळ हलकीशी टिचकी मारली की दोन्ही डोळे मिटतात, हे ओव्हरेंड नावाच्या इंग्रज वैद्यांनी १८९६ साली नोंदविले होते. पुढे १९५२ साली स्वीडनचे एरिक कुगेलबर्ग यांनी स्नायूंतील विद्युत्-स्पंदने टिपून दाखविले की या एका प्रतिक्षिप्त क्रियेत दोन प्रतिसाद असतात. भुवईवरील मज्जातंतूला विजेचा सौम्य धक्का दिल्यावर पहिला प्रतिसाद सेकंदाच्या सुमारे दहा हजारांश भागात आणि फक्त त्याच बाजूला येतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. दुसरा सुमारे तीस हजारांश भागानंतर दोन्ही बाजूंना येतो आणि प्रत्यक्ष पापणी मिटते ती त्याच्यामुळे. पहिल्याचा रस्ता आखूड, दुसऱ्याचा मस्तिष्कस्तंभात खालपर्यंत उतरून वर येणारा. यांपैकी कोणता प्रतिसाद उशिरा आला यावरून बिघाड कोठे आहे हे मज्जाविकारतज्ज्ञांना सांगता येते.

रुग्णाजवळ मात्र याहून पुष्कळ साधे साधन पुरते. निरांजनाच्या वातीसारखी कापसाची बारीक वात वळून घेतात, रुग्णास वर पाहण्यास सांगतात आणि बाजूने, म्हणजे ती वात त्याला दिसणार नाही अशा बेताने, पारपटलाच्या कडेला अलगद लावतात. उजव्या डोळ्याला स्पर्श करताच दोन्ही पापण्या मिटल्या तर वाट पूर्ण मोकळी आहे. उजव्या स्पर्शाने एकही पापणी मिटली नाही, परंतु डाव्या स्पर्शाने दोन्ही मिटल्या, तर उजवा पाचवा मज्जातंतू निरोप घेऊन जात नाही. कोणत्याही डोळ्याला स्पर्श केला तरी केवळ डावीच पापणी मिटत असेल, तर निरोप पोहोचतो आहे पण उजवा सातवा मज्जातंतू आज्ञा पाळत नाही. पैशाचाही खर्च नसलेल्या या परीक्षेतून जेवढे कळते, तेवढे कधीकधी महागड्या छायाचित्रणातूनही कळत नाही. तरुण डॉक्टरांनी या परीक्षेचा कंटाळा करू नये, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

उजेड, आवाज आणि उगारलेला हात

स्पर्श ही एकच धोक्याची सूचना नव्हे. डोळ्यांसमोर एकाएकी लख्ख उजेड झाला किंवा कानाशी फटाका फुटला तरी पापण्या मिटतात. या दोन्ही क्रियाही मेंदूच्या खालच्या मजल्यांवरून चालतात. एक-दोन दिवसांचे बाळ विजेरीच्या झोताने डोळे मिटते, ते याच कारणाने. त्याला उजेडाचा 'अर्थ' कळण्याची जरुरी नसते.

परंतु त्याच बाळाच्या डोळ्यांपुढे हात झपकन नेला तर ते पापणी हलवत नाही. ही प्रतिक्रिया पहिल्या काही महिन्यांत हळूहळू उगवते. कारण समोरून येणारी वस्तू आपल्या दिशेनेच येत आहे, हे ठरविण्याचे काम मेंदूच्या मागील भागातील दृष्टिकेंद्राचे आहे, आणि ते केंद्र जन्मतः पक्व झालेले नसते. याचा गमतीचा संबंध एका जुन्या ग्रंथाशी येतो. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांनी १६४९ साली प्रसिद्ध झालेल्या भावनाविषयक ग्रंथात मित्राच्या हाताचा दाखला दिला आहे. मित्र थट्टेने हात उगारतो, तो इजा करणार नाही हे आपण पक्के जाणतो, तरीही डोळे मिटल्यावाचून राहत नाहीत. यावरून शरीर हे यंत्रासारखे आपले आपण चालते, असे त्यांनी प्रतिपादन केले. निष्कर्ष बराचसा खरा आहे. उदाहरण मात्र त्यांनी नेमके असे निवडले की ज्यात यंत्राच्या सर्वांत वरच्या मजल्याचाही हात असतो. कापसाच्या वातीचे उदाहरण त्यांच्या मताला अधिक शोभले असते.

पापणीला नवे धोके शिकविताही येतात. डोळ्यावर हवेचा झोत सोडण्याच्या किंचित आधी प्रत्येक वेळी एक विशिष्ट सूर वाजविला, तर काही काळाने केवळ तो सूर ऐकूनच पापणी मिटू लागते. अमेरिकेत सशांवर झालेल्या दीर्घ संशोधनातून, विशेषतः १९८० नंतरच्या दशकात रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून, ही शिकवण लहान मेंदूत साठते असे दिसून आले. लहान मेंदूच्या आतील एका छोट्या केंद्राला इजा झाली की ससा सुराला दाद देईनासा होतो. हवेच्या झोताने मात्र त्याची पापणी पूर्वीसारखीच मिटते. शिकलेली क्रिया गेली, जन्मजात क्रिया राहिली.

या सगळ्या व्यवस्थेला वेगाची मर्यादा आहे, हे सांगणे आवश्यक आहे. धोका कळण्यापासून पापणी पुरी मिटेपर्यंत सेकंदाचा सुमारे दहावा भाग जातो. तेवढ्या वेळात सेकंदाला वीस मीटर वेगाने उडालेली ठिणगी किंवा लोखंडाचा कपचा दोन मीटर अंतर तोडतो. छिन्नी-हातोडा, ग्राइंडर, मुलांच्या खेळातील विटी आणि दिवाळीतील फटाके यांच्यापुढे पापणी हरते ती येथे. वेल्डिंगच्या झोताने पापणी मिटते खरी, पण दिव्यातील अतिनील किरणांचा डोस वारंवारच्या ठिणग्यांतून पोहोचायचा तो पोहोचतो, आणि डोळ्यांत वाळू भरल्यासारखी वेदना काही तासांनी, बहुधा मध्यरात्री सुरू होते. कारखान्यातील मालकांनी संरक्षक चष्म्यांचा खर्च वाचवू नये, एवढेच आम्ही येथे म्हणतो.

वाट तुटते तेव्हा

एखाद्या सकाळी चूळ भरताना पाणी ओघळते, आरशात तोंड वाकडे दिसते आणि एक डोळा मिटेनासा होतो. घरचे म्हणतात, 'तोंडावरून वारे गेले.' सातव्या मज्जातंतूला सूज येऊन होणारा हा विकार बेल्स पाल्सी या नावाने ओळखला जातो, आणि बहुसंख्य रुग्ण त्यातून बरे होतात. परंतु उपचार पहिल्या बहात्तर तासांत सुरू होण्याला महत्त्व आहे. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत वेळेवर प्रेडनिसोलोन मिळालेल्यांपैकी नऊ महिन्यांनी सुमारे ९४ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले होते. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. दरम्यानच्या काळात उघडा राहणारा डोळा सांभाळणे हे घरच्यांचे काम. दिवसा थेंब आणि चष्मा, रात्री मलम आणि पापणी मिटवून लावलेली कागदी चिकटपट्टी. चेहरा कालांतराने सरळ होतो. वाळून जखम झालेले पारपटल मात्र पूर्ववत होईलच असे नाही.

याच्या उलट, कपाळावर आणि डोळ्याभोवती नागीण उठून गेल्यावर पाचवा मज्जातंतू बधिर होऊ शकतो. येथे पापणी मिटण्यास समर्थ असते, पण तिला निरोपच मिळत नाही. कचरा गेल्याचे कळत नाही, डोळा दुखत नाही, आणि म्हणून रुग्ण येत नाही. न दुखणारा लाल डोळा हा दुखणाऱ्या डोळ्याहून अधिक काळजीचा असू शकतो, ही गोष्ट लोकांच्या गळी उतरविणे आम्हांस नेहमी जड जाते.

दोन्ही बाजूंनी घाला घालणारा रोग म्हणजे कुष्ठरोग. त्याच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात. गालाच्या हाडावरून त्वचेच्या लगत जाणाऱ्या सातव्या मज्जातंतूच्या शाखा त्यांच्या तावडीत सापडतात आणि पापणी मिटेनाशी होते. त्याच वेळी पारपटलाची संवेदनाही जाऊ शकते. पहारेकरी झोपलेला आणि दारही उघडे, अशी ही अवस्था आहे. हाताची बोटे गमावलेल्या माणसाची दृष्टीही जावी, याहून दारुण काय असेल? बोटांना स्पर्श उरला नसेल, तर आंधळ्याला चाचपडण्याचाही आधार राहत नाही.

अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी आणि वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले, त्या रुग्णांत हे दुःख किती होते याची आज कल्पना करणे अवघड आहे. १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि चित्र पालटले. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आले. परंतु नवे रुग्ण आजही आढळतात, विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत विशेषकरून, आणि चेहऱ्यावर चट्टा असलेल्या रुग्णाची पापणी तपासण्याचे महत्त्व तसूभरही कमी झालेले नाही. पापणीचे बळ कमी होऊन सहा महिने उलटण्याआधी स्टेरॉइडचे उपचार सुरू झाले, तर ते परत मिळण्याची आशा असते.

वेळ निघून गेली असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते. पापण्यांचे बाहेरचे कोपरे शिवून डोळा अरुंद करता येतो. वरच्या पापणीत साधारण एक ग्रॅम सोन्याचा पत्रा बसविला, तर उचलणारा स्नायू सैल पडताच ती स्वतःच्या वजनाने खाली येते; सोने अशासाठी की ते शरीरात गंजत नाही. मात्र रुग्ण उताणा झोपला की वजनाचा उपयोग होत नाही. कुष्ठरोगी रुग्णांसाठी फार विचारपूर्वक वापरली गेलेली तिसरी पद्धत अशी, की कानशिलावरील चावण्याच्या स्नायूचा एक पट्टा पापण्यांपर्यंत आणून जोडायचा. हा स्नायू सातव्यावर नव्हे, पाचव्या मज्जातंतूच्या एका वेगळ्या शाखेवर चालतो आणि ती शाखा बहुधा शाबूत असते. मग रुग्णाने दात आवळले की डोळा मिटतो. जे काम जन्मभर आपोआप चालले ते आता आठवणीने, दिवसातून शेकडो वेळा, दात आवळून करायचे. त्याचा सराव करून घेणारे भौतिकोपचारतज्ज्ञ शल्यविशारदाइतकेच महत्त्वाचे असतात. जेवताना घासागणिक या रुग्णांचे डोळे मिटतात. पाहणाऱ्याला ते विचित्र वाटते. रुग्णाला वाटत नाही.

अतिदक्षता विभागात

आता नातेवाइकांच्या प्रश्नाकडे वळू. मेंदूला गंभीर इजा झाल्यानंतरची गाढ बेशुद्धी सहसा दोन ते चार आठवड्यांपेक्षा अधिक टिकत नाही. रुग्ण दगावला नाही तर त्याचे डोळे उघडतात, झोप-जागेचे चक्र सुरू होते, पापण्या लवू लागतात. यापैकी कशालाही मोठ्या मेंदूचा जागेपणा लागत नाही; मस्तिष्कस्तंभ पुरतो. उघडे डोळे आणि जाणिवेचा अभाव अशा या स्थितीला ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी १९७२ साली स्वतंत्र नाव दिले. घरच्यांना ती सर्वांत असह्य वाटते, कारण डोळे उघडले म्हणजे माणूस परतला, असेच आपले मन मानते.

रुग्णाच्या चेहऱ्यासमोर हात हलवून पाहणे हा नातेवाइकांचा सहज प्रयत्न असतो. त्यात एक फसगत आहे. हाताने हललेली हवा पारपटलाला लागते आणि त्या झुळकेने पापणी मिटते. म्हणजे परीक्षा दृष्टीची करावयास गेलो आणि उत्तर स्पर्शाने दिले. झुळूक टाळून केलेल्या परीक्षेत पापणी मिटली, तर दृष्टिमार्ग काही अंशी चालू आहे एवढे म्हणता येते. रुग्णास जाणीव आहे असे तेवढ्यावरून म्हणता येत नाही. त्याहून अधिक मोल आहे ते डोळ्यांनी एखाद्या वस्तूचा पाठलाग करण्याला. यासाठी आरसा उत्तम, कारण स्वतःचा चेहरा माणसाचे लक्ष सर्वांत लवकर वेधतो. आणि सर्वांहून अधिक मोल आहे ते सांगितल्यावरून, पुन्हा पुन्हा, पापणी मिटण्याला. म्हणून आम्ही घरच्यांस एक वही ठेवण्यास सुचवितो : किती वाजता, कोणी, काय सांगितले आणि रुग्णाने काय केले. डॉक्टरांची फेरी काही मिनिटांची असते. आई दिवसभर बसलेली असते. तिच्या वहीतील नोंदींनी निदान बदलू शकते.

अगदी विरुद्ध टोकाची अवस्थाही आहे. फ्रान्समधील संपादक झाँ-दोमिनिक बोबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये मस्तिष्कस्तंभाचा झटका आला. बुद्धी, स्मृती, श्रवण सर्व शाबूत. हातपाय, वाचा, गिळणे सर्व बंद. पापणी उचलणाऱ्या स्नायूचे केंद्र इजेच्या जागेच्या वर असल्याने डाव्या पापणीची उघडझाप तेवढी त्यांच्या इच्छेत उरली. उजव्या डोळ्याचे पारपटल वाळू नये म्हणून ती पापणी शिवून टाकावी लागली होती. समोरची व्यक्ती मुळाक्षरे म्हणत जाई, हवे ते अक्षर आले की बोबी पापणी मिटत. अशा रीतीने त्यांनी संपूर्ण पुस्तक सांगितले. ते मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. अशा रुग्णाजवळ उभे राहून त्याच्याविषयी निराशेचे बोलणे हा केवढा अन्याय आहे, हे सांगावयास नको. निदान निश्चित होईपर्यंत प्रत्येक रुग्णापाशी, तो ऐकतो आहे असे धरूनच बोलावे, अशी आमची विनंती आहे.

डोळ्यांवरील चिकटपट्टीविषयीही खुलासा करावासा वाटतो. झोपेची आणि स्नायू शिथिल करणारी औषधे चालू असताना पापणीची प्रतिक्षिप्त क्रिया मावळते. डोळा अर्धवट उघडा राहिला तर काही तासांतच पारपटल कोरडे पडू लागते. म्हणून परिचारिका ठरावीक वेळाने डोळे स्वच्छ करतात, मलम घालतात आणि पापण्या मिटवून ठेवतात. ती पट्टी पाहून घरची माणसे धसका घेतात. वस्तुतः तो डोळा पुढे उपयोगी पडावा यासाठीच केलेली ती तरतूद असते.

आणि काही वेळा ती कापसाची वात सर्वांत कठीण उत्तर देते. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. ज्या तीन राज्यांना तो प्रारंभीच लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा ही दोन होती. त्यानुसार मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने प्रमाणित करावयाचा असतो, आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावयाची असते. शरीराचे तापमान उतरलेले नाही आणि गुंगीच्या औषधांचा अंमल नाही याची आधी खात्री केली जाते. मग बाहुलीवर प्रकाश, पारपटलाला कापूस, कानात थंड पाणी, घशात व श्वासनलिकेत स्पर्श, आणि शेवटी श्वसनयंत्र दूर करून स्वतःच्या श्वासाची प्रतीक्षा. या अवस्थेतही हातापायांची थोडी हालचाल दिसू शकते, कारण मज्जारज्जू काही काळ आपल्या परीने काम करीत असतो. ती पाहून आप्तांच्या मनात काहूर उठते. परंतु पापणी मिटविणारे केंद्र मज्जारज्जूत नाही, मस्तिष्कस्तंभातच आहे. दोन्ही तपासण्यांत, दोन्ही डोळ्यांत, वातीच्या स्पर्शाला उत्तर आले नाही आणि बाकीच्या परीक्षांनीही तेच सांगितले, तर श्वसनयंत्रामुळे छाती हलत असली तरी तो मृत्यूच असतो. आपल्या माणसाचे हृदय धडधडत असताना हे स्वीकारणे किती कठीण, याची जाणीव तपासणाऱ्यांनाही असते. म्हणूनच कायद्याने एकाच डॉक्टरवर आणि एकाच तपासणीवर हा निर्णय सोडलेला नाही.

अशा दुःखात नेत्रदानाला संमती देणारी कुटुंबे आहेत. ज्याने वातीला उत्तर दिले नाही ते पारपटल दुसऱ्याच्या डोळ्यावर बसविले जाते आणि त्यातून प्रकाश पुन्हा आत जातो. परंतु काढताना त्यातील मज्जातंतू तुटलेले असतात. नव्या डोळ्यात ते फार सावकाश, महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबाने, कडेकडून आत वाढतात, आणि पुष्कळदा पुरते वाढतही नाहीत. तोवर या डोळ्याची राखण पापण्यांच्या कडा, आजूबाजूचा भाग आणि दुसरा डोळा यांच्या संवेदनेवर चालते. टाका सैल झाला तरी रुग्णाला टोचेलच असे नाही. म्हणून पारपटलाचे रोपण झालेल्या प्रत्येकाने रोज सकाळी चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहून त्या डोळ्याची लाली पाहावी, दुसरा डोळा झाकून भिंतीवरील दिनदर्शिकेचे आकडे वाचून पाहावे, आणि लाली, अंधुकपणा, दुखणे किंवा उजेड सहन न होणे यांपैकी काहीही आढळल्यास पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रविभागात यावे.